तेविसाव्या फेरीतली शाल

आमच्या धावण्याच्या क्लबच्या भिंतीवर चार फोटो आहेत आणि त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'मंडळाने घडविलेले आंतरराष्ट्रीय खेळाडू'. घडविलेले म्हणजे नेमकं काय केलं, ते लिहिलेलं नाही. जागा कमी पडली असावी. पहिला गडी अडथळ्यांच्या शर्यतीत परदेशी पळून आला. त्या शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते, म्हणून सरावासाठी एक खड्डा खणून द्या, असे अर्ज तो तीन वर्षं करत होता. शेवटी पाइपलाइनसाठी कोणीतरी मैदानाबाहेर खड्डा खणला, रिवाजाप्रमाणे तो बुजवायचा राहिला आणि पाण्यानं भरला, तेव्हा आमचा खेळाडू घडला. दुसरी अर्धमॅरेथॉनवाली. ती हुडकेश्वरच्या रस्त्यांवर पळायची, आणि तिला घडवण्यात सर्वांत मोठा वाटा तिथल्या मोकाट कुत्र्यांचा होता. तिसऱ्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण तो आता क्लबचा उपाध्यक्ष आहे. चौथी प्रणाली. तिच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागतं, म्हणून बरेच दिवस टाळत आले.

मी या क्लबात बावीस वर्षं फेऱ्या मोजल्या. स्वतः कधी पळाले नाही, बस पकडायलासुद्धा नाही. मी सरकारी शाळेत गणित शिकवायची. आता शिक्षकाला काय येत नाही? जनगणना येते, मतदान येतं, पोलिओचे डोस येतात. तेव्हा एका जिल्हा स्पर्धेत माणसं कमी पडली म्हणून शिक्षणाधिकारी साहेबांनी फर्मान काढलं, गणिताच्या बाईंना धावणारे मोजायला बसवा. मी नाक मुरडत गेले आणि तिथेच चिकटले. पुढे पंचाची रीतसर परीक्षा दिली, पांढरी टोपी मिळाली आणि कुठेही लांब पल्ल्याची शर्यत असली की 'बाईंना बोलवा' असं होऊ लागलं. पोरांच्या वह्या तपासण्यापेक्षा हे बरं होतं. इथे निदान उत्तर बरोबर यायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात मोजायचं काय? तर ऐका. मैदानाची एक फेरी चारशे मीटरची. दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे पंचवीस फेऱ्या. पंधरा-वीस जण पळत असले की दहा मिनिटांत त्यांची खिचडी होते. पुढचा मागच्याला पूर्ण फेरीनं गाठतो, आणि मग कोण पुढे, कोण मागे हे नुसतं बघून ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक मोजणाऱ्याकडे चार-पाच धावणारे वाटून दिलेले असतात. हातात कागद, कागदावर पंचवीस चौकोन. आपला गडी समोरून गेला की घड्याळातली वेळ त्या चौकोनात लिहायची. पेन्सिलीनं, कारण नागपूरच्या उन्हात घामाचा थेंब पडला की शाईचं पाणी होतं. सर्वांत पुढच्याची शेवटची फेरी उरली की घंटा वाजते. ती घंटा म्हणजे धावणाऱ्याला सांगावा, की आता जे काही राखून ठेवलं असेल ते ओत.

धावणाऱ्याच्या स्वतःच्या मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. पंधराव्या फेरीनंतर त्याला आईबापाचं नाव आठवत असेल, फेरी आठवत नाही. एक गृहस्थ दोन फेऱ्यांनी मागे असताना पहिल्या आलेल्याबरोबरच हात उंचावून रेषेवरून गेले आणि थेट बक्षिसाच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. त्यांना उतरवायला तिघे लागले. एका मुलाचे वडील शर्यतीआधी संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले. म्हणाले, "बाई, पोरगं जरा अशक्त आहे. एखादी फेरी पाहून घ्याल ना." मी म्हटलं, "भाऊ, बर्फी त्यालाच चारा, अशक्तपणा जाईल." ते रागावून डबा घेऊन गेले. बर्फी चांगल्या दुकानातली होती, हे मात्र आजही आठवतं.

माझा एकच नियम होता. शर्यत सुरू झाली की मान वर करायची नाही. चहा नाही, नमस्कार नाही, 'काय बाई, कशा आहात' नाही. मंडपाला आग लागली तर लागली, मी रेषेकडे आणि कागदाकडे बघणार. पोरं म्हणायची, "बाई उठल्या का समजायचं, शर्यत संपली." मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

आता आमच्या क्लबची परंपरा सांगते. कार्यक्रमात नारळ फोडायचा मान जसा पाहुण्यांचा, तसा आमच्याकडे शेवटच्या फेरीची घंटा वाजवायचा मान प्रमुख पाहुण्यांचा. ही कल्पना सचिव गुणवंतरावांची. जगात इतर ठिकाणी हे काम पंच करतात, पण इतर ठिकाणी गुणवंतराव नाहीत. शाळेची असते तशी पितळी घंटा, तिला झेंडूची माळ, हातोडीला लाल रिबीन. मी फेऱ्या मोजून खूण करायची आणि पाहुण्यांनी टोला हाणायचा. फोटो छान यायचा. बावीस वर्षांत मी या पद्धतीविरुद्ध एकही अक्षर काढलं नाही, कारण खूण माझी असायची, आणि साहेब लोक माझ्या खुणेची वाट बघत उभे राहतात, यात मलाही गंमत वाटायची.

प्रणालीचं घर विणकरांचं. आजोबांनी नऊवारी विणल्या, पण माग केव्हाच विकला गेला. वडील मौद्याला वीज केंद्रात कंत्राटी कामगार. ती स्वतः धरमपेठेत साडीच्या दुकानात उभी राहायची, दिवसाचे दहा तास, गिऱ्हाईकांपुढे घड्या मोडत आणि घालत. त्याआधी सकाळी मैदानावर पळायची. दिसायला काडी, पण फेरीमागून फेरी अशी घालायची की माझ्या चौकोनांत एकाच अंकाचा पाढा लिहिल्यासारखा वाटायचा. एक्याऐंशी सेकंद, एक्याऐंशी सेकंद, एक्याऐंशी सेकंद. एवढी नेमकी पोरगी मी वर्गातही पाहिली नव्हती.

त्या वर्षी निवड चाचणी आमच्या मैदानावर होती. बायकांची दहा हजार मीटर चौतीस मिनिटांच्या आत पळणारीला राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं, आणि तिथून आशियाई स्पर्धेचा संघ. प्रणालीनं त्यासाठी दुकान सोडलं होतं. वडील रजा टाकून मौद्याहून आले होते, तिच्या चपला हातात धरून कठड्याशी उभे होते. मला म्हणाले, "बाई, पायाले आराम भेटला ना तिच्या, चार महिने. आता नाही झालं तं मंग पुन्हा दुकानच आहे." मी म्हटलं, "होईल हो." आणि मनात खात्री होती, कारण माझ्याकडे तिच्या सरावाचे कागद होते.

शर्यत साडेसहाची होती. प्रमुख पाहुणे साडेआठला आले. कोण होते ते सांगत नाही. ज्यांच्या फलकावर त्यांचा चेहरा रस्त्याच्या मापाचा असतो, त्यांच्यातले होते. त्यांनी दीप लावला, आम्हाला खेळाचं महत्त्व पटवून दिलं, आरोग्य हीच संपत्ती हेही सांगितलं. धावणाऱ्या मुली तोवर उन्हात उभ्या राहून ती संपत्ती खर्च करत होत्या. नऊ वाजता बार उडाला.

प्रणाली दुसऱ्याच फेरीत पुढे निघाली. मी मान खाली घालून लिहीत होते. एक्याऐंशी, एक्याऐंशी, एक्याऐंशी. अठराव्या फेरीला मला कळलं, ही पोरगी पंधरा सेकंद शिल्लक ठेवून आत येते. बाविसावी फेरी झाली, उरलेल्या फेऱ्यांचा आकडा दाखवणाऱ्या पाटीवाल्याला मी तीनची खूण केली, आणि तेवढ्यात माझ्या कानाशी गुणवंतराव आले.

"बाई, उठा. साहेबाले मौद्याले उद्घाटनाले जायचं आहे. तुमचा सत्कार आताच उरकून घेऊ."

"कसला सत्कार? शर्यत चालू आहे."

"बावीस वर्षांचा! सरप्राइज होतं तुमच्यासाठी. अन ते तं पळूनच राहिली ना, कुठं जाते ते? एका मिनिटाचं काम आहे. साहेब उभे आहेत ना बाई, बरं दिसत नाही."

इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. बर्फीवाल्याला म्हटलं होतं, पोराची फेरी वाढवून मागणाऱ्या माझ्या सख्ख्या दिरालाही म्हटलं होतं. पण बावीस वर्षांत या क्लबनं मला साधा गुच्छ दिला नव्हता. ज्यांच्या फेऱ्या मी मोजल्या त्या सगळ्यांना शाली मिळाल्या होत्या, त्यांच्या प्रशिक्षकांना मिळाल्या होत्या, मंडपवाल्यालाही एकदा मिळाली होती. मी दुसऱ्यांच्या सत्कारांची टिंगल करत घरी जायची आणि भात लावायची. मला ती शाल हवी होती. मी उठले.

शाल फिकट जांभळी होती, तिला जरीचे काठ होते. साहेबांनी ती माझ्या खांद्यांवर टाकली, नारळ दिला, छायाचित्रकार म्हणाला, "बाई, इकडे, जरा हसा." मी हसले. तेवढ्यात प्रणाली रेषेवरून गेली. तिची तेविसावी फेरी पुरी झाली होती, अजून दोन उरल्या होत्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, गुणवंतरावांनी हातोडी पुढे केली, आणि टण्ण. साहेबांना उशीर होत होता, म्हणून दहा हजार मीटर चारशे मीटरनं कमी झाले. पाटीवाला बिचारा पाटीवर दोनाचा आकडा धरून उभा होता. साहेबांनी घंटा वाजवली म्हणजे काही तरी असेलच, असा विचार करून त्यानं निमूटपणे दोनाचा एक केला.

मला चूक कळायला किती वेळ लागला? नारळ खाली ठेवून कागद हातात घेईपर्यंत. तेविसावा चौकोन रिकामा होता, त्याच्या पुढचे दोन रिकामे होते. तोवर प्रणाली पलीकडच्या बाजूला पोचली होती आणि तिनं सगळं ओतलं होतं. अशी ती आयुष्यात पळाली नसेल. मी ओरडत होते, पण लाउडस्पीकरवर गुणवंतराव 'विदर्भाची कन्या नवा विक्रम करून राहिली आहे' असं सांगत होते, त्यापुढे माझा आवाज कुठे पोचणार? साहेबांनी फीत धरली. प्रणालीनं ती छातीनं तोडली आणि जमिनीवर पडली. घड्याळात बत्तीस मिनिटं सोळा सेकंद. साहेबांनी वाकून तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

मी शाल सावरत धावले. हो, त्या दिवशी धावले.

"ऊठ वं पोरी, एक फेरी बाकी आहे! ऊठ!"

तिनं डोळे उघडले. "संपली ना, बाई?"

"नाही संपली. चोवीस झाल्या. ऊठ, पळ."

"बाई, काहून तमाशा करून राहिल्या?" गुणवंतराव माझा हात धरून दबक्या आवाजात म्हणाले. "झालं ना आता. जाऊ द्या."

ती उठली. हात कोणीही धरला नाही, धरला असता तर बाद झाली असती. पहिली पन्नास पावलं ती अक्षरशः तिरपी पळाली. हार गळ्यात तसाच होता, वळणावर तिनं तो काढून फेकला. वडील कठड्याच्या बाहेरून तिच्या बरोबरीनं चपला घेऊन पळत होते आणि 'चाल माय, चाल माय' म्हणत होते. मी पंचविसाव्या चौकोनाशी पेन्सिल टेकवून उभी होते. ती आली. मी लिहिलं, चौतीस मिनिटं सहा सेकंद.

सहा सेकंद. जमिनीवर पडून राहण्यात तिचे अठ्ठावीस गेले होते.

मंडपामागे गुणवंतरावांनी उपाय काढला. "बत्तीस सोळाच लिहून टाका. पंचवीस फेऱ्या झाल्या म्हणा. कोण मोजते? सगळे सही कराले तयार आहेत."

"मी मोजते," मी म्हटलं. एवढं मात्र मला जमलं. कागदावर चौतीस सहाच राहिलं. प्रणाली बाजूला डोक्यावर ओला रुमाल घेऊन बसली होती. तीही म्हणाली, "खोटं नको लिहा, बाई. शिबिरात गेल्यावर उघडं पडन." मग थोड्या वेळानं, गुणवंतराव गेल्यावर, अगदी सहज म्हणाली, "बेलवर माझा भरोसा नव्हता. मले वाटलं, लवकर वाजली. म्हणून मी तुमच्याकडे पाह्यलं. तुम्ही उठून उभ्या होत्या, हसून राहिल्या होत्या. मंग म्हटलं, झालं असन."

मी शाल घडी करून पिशवीत कोंबली.

आठ दिवसांनी निवड समितीचं पत्र आलं. घंटा चुकीच्या वेळी कशी वाजली, चूक कोणाची, ते स्पष्ट कळवा. अधिकाऱ्याची चूक असल्याचं लेखी आल्यास त्या खेळाडूला पुन्हा संधी देता येईल. अहवाल मीच लिहायचा होता. मी लिहिलं, 'प्रमुख पाहुण्यांनी घंटा एक फेरी आधी वाजवली.' गुणवंतरावांनी ती ओळ खोडली. "साहेबाचं नाव टाकून पुढच्या साली मैदान भेटन का आपल्याले? तुम्हीच सांगा." त्या जागी 'तांत्रिक कारणाने' असं लिहिलं. समितीचं उत्तर आलं, तांत्रिक कारणासाठी पुनर्चाचणी घेण्याची तरतूद नाही.

सगळ्यांनी साहेबांना शिव्या दिल्या. मीही दिल्या, मनसोक्त. पुढे वर्षभर जो भेटेल त्याला हा किस्सा मी रंगवून सांगितला. साहेबांची नक्कल करायची, हातोडी धरल्याचा अभिनय करायची, लोक पोट धरून हसायचे. त्या किश्श्यात शाल नव्हती.

कारण दुसरी एक ओळ होती, जी गुणवंतरावांनी मुळीच खोडली नसती. 'मुख्य फेरीगणक या नात्याने चूक माझी आहे. शर्यत चालू असताना मी जागा सोडून सत्कार स्वीकारत होते.' साहेब सुटले असते, मैदान वाचलं असतं, गुणवंतरावांनी वर स्वतःचा शिक्का मारला असता. फार तर माझी पांढरी टोपी गेली असती. मी निवृत्तीला आलेली बाई, ती टोपी घालून मला पुढे काय करायचं होतं? पण 'बाई कधी चुकत नाहीत' हे एवढंच माझ्याकडे होतं, आणि ते माझ्यानं सोडवलं नाही.

प्रणाली परत धरमपेठेत साड्यांच्या घड्या घालू लागली. एक पाय दुखायला लागला, मग दुसरा. तरी तिनं सोडलं नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या चाचणीत, जिथे घंटेजवळ कोणी साहेब नव्हते, ती निवडली गेली आणि देशाचं नाव छातीवर लावून परदेशी पळून आली. शेवटून तिसरी आली. पुढच्या तिघींनी तिला पूर्ण फेरीनं मागे टाकलं. मी मोबाइलवर बघत होते आणि सवयीनं चौकोन भरत होते. एक्याऐंशी एकदाही आलं नाही. तिचं खरं वर्ष आमच्या मैदानावर होऊन गेलं होतं.

क्लबनं सत्कार केला, हे सांगायला नकोच. भिंतीवर चौथा फोटो लागला. मी पहिल्या रांगेत होते. प्रणाली उत्तराला उभी राहिली, माईकला घाबरत होती. म्हणाली, "मले जास्त बोलता येत नाही. पण बाईनं माझी एकही फेरी कधी खोटी लिहिली नाही. त्या दिवशी सगळे म्हणून राहिले होते का लिहून टाका, पण बाईनं नाही लिहिलं. पहिला मान त्यांचा आहे."

टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. मग मी उठले आणि व्यासपीठाशी जाऊन म्हटलं, "मला दोन शब्द बोलायचे आहेत." गुणवंतरावांनी माईकवर हात ठेवला. "बाई, साहेबाले निघाचं आहे. आभार होऊ द्या आधी. तुम्ही मंग बोला."

मी परत येऊन बसले. आणि बसताना मला हायसं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते.

प्रणाली, ते दोन शब्द हे. समिती तुला पुन्हा पळवायला तयार होती. ती एका ओळीसाठी थांबली होती. ती ओळ मला येत होती आणि मी लिहिली नाही.